ट्रॉफ्यांनी भरलेली कपाटं, नापासांनी भरलेले वर्ग: ब्रॉक्टन हायस्कूलचं प्रकरण

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यानं १९९८ मध्ये 'एमकॅस' ही राज्यस्तरीय चाचणी पहिल्यांदा घेतली. ब्रॉक्टन हायस्कूलच्या दहावीचा निकाल लागला तेव्हा ४४ टक्के मुलं इंग्रजीत नापास होती आणि ७५ टक्के गणितात. गणितात 'प्रवीण' किंवा त्याहून वरची पातळी गाठणारी मुलं निघाली जेमतेम ७ टक्के. शाळा लहानसहान नाही, पट चार हजारांच्या घरातला. राज्यातली ही सगळ्यात मोठी सरकारी शाळा, करातून चालणारी आणि विनाशुल्क. म्हणजे टक्केवारी सोडून डोकी मोजली तर एकट्या दहावीच्या वर्षात शेकड्यांनी मुलं गणितात आडवी झाली होती.

त्याच काळातला क्रीडाविभाग बघा. अमेरिकन फुटबॉलचा 'बॉक्सर्स' संघ राज्यभर दरारा राखून होता. आर्मंड कोलंबो १९६९ पासून २००२ पर्यंत प्रशिक्षक होते, आणि कारकिर्दीत त्यांनी तीनशेहून जास्त सामने जिंकले. या संघातून निघालेल्या ग्रेग मॅकमर्ट्रीला १९८६ मध्ये बॉस्टनच्या रेड सॉक्स या व्यावसायिक संघानं बेसबॉलसाठी पहिल्याच फेरीत निवडलं. त्यानं ते नाकारलं, कॉलेजात फुटबॉल खेळायला गेला आणि पुढे व्यावसायिक फुटबॉलही खेळला. एका शाळेतला मुलगा दोन खेळांत या पातळीचा निघतो, हे रोज घडत नाही. संगीताचीही शाळेत परंपरा होती, बँड होता, गायनवृंद होता.

तेव्हा १९९० च्या दशकातल्या कुठल्याही वर्षी या शाळेचा वार्षिक अहवाल लिहायला बसलेल्या माणसाला मजकुराची वानवा पडली नसती. खेळाचं पान भरलं असतं, संगीताचं भरलं असतं. अभ्यासाच्या पानावर उत्तम कॉलेजांत प्रवेश मिळवलेल्या पंधरा-वीस मुलांची नावं आली असती. एक वाक्यही खोटं नसतं, आणि तरी तीनातलं एक मूल शाळा अर्धवट सोडत होतं हे त्यातून कुणाला कळलं नसतं.

या प्रकरणाकडे मी त्याच नजरेनं बघतो. ब्रॉक्टनची गोष्ट सहसा 'बुडती शाळा कशी तरली' अशी सांगितली जाते. मला जास्त रस आहे तो शाळा वर्षाचा हिशोब कसा मांडते, काय मोजते आणि काय मोजायचं विसरते यात.

गाव आणि शाळा

ब्रॉक्टन हे बॉस्टनच्या दक्षिणेला तासाभराच्या आतलं शहर. एके काळी बुटांच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध होतं, यादवी युद्धात उत्तरेच्या फौजेला इथून बूट जायचे. कारखाने गेले आणि रोजगारही गेला. मागे राहिली मुष्टियोद्ध्यांची ख्याती. हेवीवेट विजेता रॉकी मार्सियानो इथलाच, ४९ लढती आणि ४९ विजय. मार्विन हॅगलरही इथेच घडला. शहर स्वतःला 'चॅम्पियन्सचं शहर' म्हणवतं. शाळेच्या मैदानाला मार्सियानोचं नाव आहे, आणि २०१२ मध्ये त्याचा भलामोठा ब्राँझचा पुतळाही तिथे उभा राहिला.

आता यातली गंमत. मार्सियानो याच शाळेत होता, शाळेकडून खेळलाही, पण दहावीनंतर त्यानं शाळा सोडली. शाळेच्या आवारातला सगळ्यात उंच सन्मान शाळा पूर्ण न केलेल्या मुलाचा आहे. त्यात त्याचा काही दोष नाही, १९४० च्या सुमारास कामगार घरातल्या मुलांनी शाळा सोडणं नवलाचं नव्हतं. पण शाळेच्या अभिमानाची मोजपट्टी आणि शाळेच्या कामाची मोजपट्टी वेगळी असू शकते, हे यापेक्षा स्पष्ट कुठे दिसणार?

शाळेची आत्ताची इमारत १९७० ची. इतकी अवाढव्य की चार 'हाऊस', म्हणजे विभाग, करून प्रत्येकाला स्वतंत्र उपमुख्याध्यापक आणि स्वतंत्र जेवणघर द्यावं लागलं. मुलांमध्ये केप व्हर्ड आणि हैती इथून आलेल्या कुटुंबांतली बरीच, त्यामुळे घरी इंग्रजी न बोलणारीही बरीच. २०१० च्या सुमारास साधारण दोन तृतीयांश मुलं मोफत किंवा सवलतीच्या जेवणाला पात्र ठरत होती. अमेरिकी शाळांत गरिबी याच आकड्यावरून मोजतात.

आणखी एक धागा, जो सहसा सांगितला जात नाही. ज्या कायद्यातून ही चाचणी आली त्याची मुळं ब्रॉक्टनमध्येच आहेत. गरीब गावांतल्या शाळांना राज्य पुरेसा पैसा देत नाही, म्हणून राज्याविरुद्ध खटला झाला. त्या खटल्याला जिचं नाव मिळालं ती ब्रॉक्टनमधली विद्यार्थिनी होती. जून १९९३ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की प्रत्येक मुलाला पुरेसं शिक्षण देणं हे राज्याचं घटनात्मक कर्तव्य आहे. तीनच दिवसांत शिक्षण सुधारणा कायद्यावर राज्यपालांची सही झाली. सौदा सरळ होता: राज्य जास्त पैसा देईल आणि बदल्यात शाळा निकाल दाखवतील. पैसा मागणाऱ्या गावालाच पाच वर्षांनी निकालाचा जोरदार फटका बसावा, हा योगायोग म्हणावा की हिशोब, ज्याचं त्यानं ठरवावं.

तीन खाती, तीन मापं

अभ्यास, संगीत आणि खेळ हे तिन्ही विभाग वर्षअखेरीला एकाच अहवालात शेजारी शेजारी येतात, म्हणून ते एकाच मापानं मोजलेत असं वाटतं. तसं नसतं.

खेळात माप आहे क्रमाचं. कुणी जिंकायचं तर कुणी तरी हरलंच पाहिजे. मॅसॅच्युसेट्सच्या शालेय क्रीडा संघटनेनं २०२१ पासून राज्यस्तरीय स्पर्धांना 'पॉवर रँकिंग' लावलं. त्यात किती फरकानं जिंकलात आणि समोरचा संघ किती तगडा होता, या दोन्ही गोष्टी धरल्या जातात. दुबळ्या संघाला धुवून काढून क्रमवारी फुगवता येऊ नये म्हणून फरकाला कमाल मर्यादा आहे. ही माझ्या मते शहाणपणाची तरतूद आहे. तरी मूळ गोष्ट तीच राहते. राज्यातल्या सगळ्या शाळा एका वर्षात दुप्पट चांगल्या खेळल्या, तरी विजेते तेवढेच राहणार.

संगीताच्या महोत्सवांत उलट आहे. तिथे परीक्षक वादन ऐकतात, ठरलेल्या निकषांवर गुण देतात आणि गुणांच्या पट्ट्यानुसार सुवर्ण, रौप्य किंवा कांस्य पदक मिळतं. एका दिवशी पाच बँड सुवर्णपदक घेऊन जाऊ शकतात, किंवा एकही नाही. 'आमच्या बँडला सुवर्णपदक' हे वाक्य वाचणाऱ्याला वाटतं की बँड पहिला आला. प्रत्यक्षात तो एका उंचीपर्यंत पोचलेला असतो, आणि माझ्या लेखी ती जास्त सच्ची बातमी आहे. व्यक्तिगत निवड मात्र चाळणीची. विभागीय महोत्सवासाठी ऑडिशन, त्यातून शिफारस, मग राज्यस्तराची ऑडिशन. तिथवर पोचणारी मुलं बहुधा लहानपणापासून खासगी शिकवणी घेतलेली असतात. त्यामुळे त्या आकड्यातून शाळेइतकंच पालकांच्या खिशाचंही मोजमाप होतं.

अभ्यासाचं माप आणखी वेगळं. एमकॅसमध्ये पातळ्या होत्या, त्या पार केल्या की झालं. पण अभ्यासातलेही काही सन्मान क्रमाचेच असतात. उदाहरणार्थ, राज्याची ॲडम्स शिष्यवृत्ती. एमकॅसमध्ये ठरावीक पातळी गाठून आपल्या जिल्ह्यातल्या (म्हणजे गावच्या शाळा खात्याच्या कक्षेतल्या) वरच्या २५ टक्क्यांत आलेल्या मुलांना ती मिळते. माप राज्याचं न धरता जिल्ह्याचं धरल्यामुळे गरीब गावातल्या मुलांनाही संधी राहते, हे चांगलंच. पण शिष्यवृत्ती माफ करते ती फक्त 'ट्यूशन', म्हणजे मूळ शिक्षणशुल्क. राज्य विद्यापीठाच्या ॲम्हर्स्ट इथल्या शाखेत स्थानिक विद्यार्थ्यांची ट्यूशन कित्येक वर्षं १,७१४ डॉलर होती, आणि बाकीच्या फिया त्याच्या अनेक पट. अहवालात 'इतक्या मुलांना चार वर्षांची शिष्यवृत्ती' असं छापून येतं. घरी पत्र आल्यावर पालक बेरीज करतात तेव्हा खरं कळतं.

या तिन्ही खात्यांत एक गोष्ट मात्र सारखी आहे. जो मैदानात उतरला, रंगमंचावर गेला किंवा यादीत आला, तोच दिसतो. फुटबॉलच्या संघात किती मुलं मावतात? बँडमध्ये किती? चार हजारांच्या शाळेत उरलेली मुलं वर्षभर काय करत होती याचा रकानाच नसतो. १९९८ च्या चाचणीनं ब्रॉक्टनमध्ये नेमकं हे केलं. शाळेच्या हिशोबात कधी न आलेल्या मुलांना तिनं आकडा दिला.

पहिला प्रयत्न फसला

शाळेत तेव्हा एक वृत्ती मुरलेली होती. 'मुलांना नापास व्हायचं असेल तर तो त्यांचा हक्क आहे,' हे जणू अनधिकृत ब्रीदवाक्य असल्यासारखं शिक्षक येता-जाता बोलायचे, असं पुढे वर्तमानपत्रांत छापूनही आलं. निकालानंतर वीसेक शिक्षक आपणहून एकत्र आले आणि शनिवारी सकाळी बसायला लागले. त्यांत सुझन झाकोविट्स होत्या, याच गावात वाढलेल्या, इतिहास शिकवणाऱ्या. पुढे २००४ ते २०१३ त्याच मुख्याध्यापिका होत्या.

त्यांची पहिली चाल अगदी ओळखीची होती. जुने पेपर काढायचे, कशावर प्रश्न येतात ते बघायचं आणि ते शिकवायचं. पेपरांत शेक्सपिअर दिसला, म्हणून शेक्सपिअर वाढवला. निकाल जिथल्या तिथे.

ही पायरी मला महत्त्वाची वाटते, कारण बहुतेक शाळा इथेच थांबतात आणि दोष मुलांवर ढकलून मोकळ्या होतात. ब्रॉक्टनच्या समितीनं प्रश्न बदलला. पेपरात काय येतं ते बाजूला ठेवून, पेपर सोडवायला मुलाला काय यावं लागतं, हे त्यांनी बघायला घेतलं. उत्तर निघालं चार शब्दांचं: वाचणं, लिहिणं, बोलणं, तर्क करणं. गणितातही मुलं अडत होती ती बऱ्याचदा प्रश्न समजून घेण्यात आणि उत्तर कसं आलं ते शब्दांत मांडण्यात.

प्रत्येक कौशल्याचा एकेक तक्ता तयार झाला. मसुदा सगळ्या विभागांकडे फिरवला आणि विचारलं, हे तुमच्या विषयाला लागू पडतं का? मुलाला मजकुराचा सारांश सांगता यावा, टिपणं काढता यावीत, आपलं म्हणणं पुराव्यानिशी मांडता यावं, यांत कुणाला नको म्हणण्यासारखं काय होतं? विज्ञानवाले हो म्हणाले, व्यवसाय शिक्षणवाले हो म्हणाले. एकदा हो म्हटल्यावर हात झटकायची सोय राहिली नाही. तीनशेच्या वर शिक्षकांच्या शाळेत एखादी गोष्ट सर्वांची करायची ही रीत मला फार चतुर वाटते.

दहा पायऱ्या

सुरुवात लिहिण्यापासून झाली. एमकॅसमध्ये 'खुल्या उत्तराचे' प्रश्न असत: एक उतारा, त्यावर प्रश्न आणि उत्तर परिच्छेदांत लिहायचं. अशा प्रश्नांवर कित्येक मुलं जागा कोरी सोडत. समितीनं त्यासाठी दहा पायऱ्यांची एक पद्धत बसवली. ती जवळून बघण्यासारखी आहे, कारण शाळा बदलण्याच्या गप्पा इथे कागदावर उतरतात.

प्रश्न नीट वाचायचा. त्यातल्या मुख्य शब्दांना गोल करायचे. मग प्रश्नाचंच विधान करून लिहायचं, उत्तराच्या जागी रिकामी जागा ठेवून. अजून उताऱ्याला हातही लावलेला नाही. आता उतारा वाचायचा, तोही काय शोधायचं ते ठाऊक असताना. प्रश्नाला लागू पडणारी टिपणं काढायची. उत्तराचा आराखडा मांडायचा. सुरुवातीच्या विधानातल्या रिकाम्या जागा भरायच्या. आराखडा समोर ठेवून उत्तर लिहायचं, विधानातले मुख्य शब्द मध्ये आणि शेवटी जाणीवपूर्वक पुन्हा आणायचे, परिच्छेद पाडायचे. आणि परत वाचून दुरुस्त करायचं.

यात प्रतिभेला जागा नाही, हे उघड आहे. सगळं साच्यातलं. भाषेवर प्रेम करणाऱ्या शिक्षकाला हे टोचणार, आणि टोचायलाच हवं. पण कोरा कागद परत देणाऱ्या मुलाला 'मनापासून लिही' सांगून काही होत नाही. त्याला पहिलं वाक्य कुठून आणायचं ते हवं असतं. तिसरी पायरी नेमकी तेवढंच देते.

आणि हे एकट्या इंग्रजीच्या तासाला झालं नाही. शाळेनं वर्षाचं वेळापत्रक केलं: अमुक आठवडे समाजशास्त्र विभाग हा लेखनधडा घेईल, अमुक आठवड्यांत विज्ञान, मग व्यायाम आणि आरोग्य, मग परकीय भाषा, मग कला आणि संगीत. पद्धत तीच, गुण देण्याची पट्टी तीच, उतारा मात्र त्या त्या विषयातला. त्यामुळे व्यायामाच्या शिक्षकालाही मुलांकडून लिहून घ्यायचं होतं. समजा, व्यायामाआधी आणि नंतर नाडीचे ठोके का मोजायचे यावर दोन परिच्छेद. बँडच्या शिक्षकालाही एखाद्या रचनेवरचं टिपण वाचायला देऊन तेच करून घ्यायचं होतं. मुलाला दर काही आठवड्यांनी वेगळ्या तोंडून तेच ऐकू येत होतं. विभागप्रमुख तपासलेल्या कागदांचे नमुने मागवून बघायचे, म्हणजे कुणी वरवर उरकलं की दिसायचं.

खेळ, संगीत आणि अभ्यास ही एरवी अहवालातली तीन वेगळी पानं. इथे ती प्रत्यक्ष कामात एकत्र आली. आणि हे सोपं नव्हतं. आयुष्यभर बास्केटबॉल शिकवणाऱ्याला 'परिच्छेद तपासा' म्हणणं म्हणजे नोकरीचं स्वरूपच बदलणं. कुरकुर झाली, जुन्याजाणत्यांनी विरोधही केला. शाळेनं शिक्षक संघटनेशी झालेला करार मात्र काटेकोर पाळला. करारात महिन्याला दोन तास सभांसाठी होते, जे आधी सूचना वाचण्यात जायचे. तेच दोन तास प्रशिक्षणाला लावले. जास्तीचा वेळ मागितला नाही, घाऊक बदल्या केल्या नाहीत, शाळेचे तुकडे करून चार छोट्या शाळाही केल्या नाहीत. तेव्हा तर 'मोठ्या शाळा मोडा, छोट्या करा' ही देशभर फॅशन होती आणि त्यामागे देणग्यांचा मोठा पैसा होता.

२००१ चा निकाल कसा वाचायचा

२००१ मध्ये ब्रॉक्टनच्या नापासांचं प्रमाण धाडकन खाली आलं. आधी नापास झालेली आणि आता पास झालेली मुलं राज्यातल्या दुसऱ्या कुठल्याही शाळेपेक्षा इथे जास्त होती. शाळेत जल्लोष झाला, राज्याच्या शिक्षण आयुक्तांनी पाठ थोपटली.

इथे जरा थांबायला हवं, कारण २००१ साल साधं नव्हतं. २००३ ला बाहेर पडणाऱ्या तुकडीपासून एमकॅस पास झाल्याशिवाय डिप्लोमा, म्हणजे शाळा पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र, नाही, असा नियम लागू होत होता. ती तुकडी २००१ च्या वसंतात दहावीत होती. म्हणजे परीक्षा मुलांच्या अंगाला लागण्याचं ते पहिलं वर्ष. राज्यभरच आकडे उसळले. २००० मध्ये राज्यातली ६६ टक्के मुलं इंग्रजीत आणि ५५ टक्के गणितात पास होती. २००१ मध्ये ते आकडे ८२ आणि ७५ झाले. एका वर्षात राज्यातल्या सगळ्या शाळा इतक्या सुधारल्या असं कुणी म्हणणार नाही. बरीच मुलं आधी पेपर मनावरच घेत नव्हती, आता घ्यायला लागली.

तेव्हा ब्रॉक्टनच्या उडीतला काही भाग राज्याच्या लाटेचा होता. किती, ते एका वर्षाच्या आकड्यावरून काढता येत नाही. माझा विश्वास बसतो तो पुढच्या दशकावरून. लाट एकदाच येते, ब्रॉक्टन मात्र वर्षामागून वर्ष वर सरकत राहिलं. हार्वर्डच्या रॉनल्ड फर्ग्युसन यांच्या गटानं नंतर निवडक शाळांचा अभ्यास केला, त्यात ब्रॉक्टन ठळकपणे आलं. तिथे माप होतं प्रगतीचं: आठवीत मूल कुठे होतं आणि दहावीत कुठे पोचलं. त्या मापावर इंग्रजीत ब्रॉक्टन राज्यातल्या सुमारे ९० टक्के हायस्कूलांच्या पुढे होतं. २०१० मध्ये राष्ट्रीय वर्तमानपत्रांत बातम्या आल्या आणि दूरदूरच्या शाळांचे लोक ते तक्ते बघायला यायला लागले.

'९० टक्के शाळांच्या पुढे' हे वाक्य मात्र फिरता फिरता बदललं. मूळ अर्थ होता की इथे मुलं जास्त अंतर कापतात. ऐकणाऱ्यांनी घेतला तो अर्थ, की इथल्या मुलांचे गुण ९० टक्के शाळांपेक्षा जास्त आहेत. तसं नव्हतं. श्रीमंत उपनगरांतल्या शाळांचे गुण वरच होते. गणितातली सुधारणाही इंग्रजीइतकी नव्हती. प्रगतीचा आकडा आणि पातळीचा आकडा अहवालात वेगवेगळे लिहिले नाहीत तर खरी कामगिरीही थापेसारखी दिसायला लागते, आणि पहिला खोचक पत्रकार ती फोडतो.

नंतर

बऱ्याच सादरीकरणांत गोष्ट २०१० ला संपते. शाळा मात्र रोज भरते.

२०२३ मध्ये ब्रॉक्टनच्या शाळा खात्याच्या हिशोबात मोठी तूट सापडली. आधी सुमारे १ कोटी ४० लाख डॉलर सांगितली गेली, पुढे आकडा १ कोटी ८० लाखांच्या आसपास गेला. त्या वर्षी शिक्षकांची कपातही झाली होती. हायस्कूलमध्ये जागा रिकाम्या, बदली शिक्षक मिळेनात, आणि शिक्षक नाही म्हणून मुलांना जेवणघरात नुसतं बसवून ठेवलं जायचं. मग मारामाऱ्या, मुलं वर्ग सोडून भटकणं, काही शिक्षक जखमी. एका दिवशी ३५ शिक्षक गैरहजर होते, असं त्या वेळी सांगितलं गेलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये शाळा समितीच्या सातपैकी चार सदस्यांनी शाळेत नॅशनल गार्ड, म्हणजे राखीव सैन्य, पाठवण्याची लेखी मागणी केली. महापौरांचा तिला पाठिंबा नव्हता, राज्यपाल मॉरा हीली यांनीही सैनिक पाठवले नाहीत. बातमी मात्र देशभर झाली. चौदा वर्षांपूर्वी जिचे तक्ते बघायला लोक येत होते, तीच ही शाळा.

यावर 'बघा, ती पद्धत पोकळच होती' असं म्हणणारे भेटतात. मला ते पटत नाही. दहा पायऱ्यांची पद्धत शिक्षक वर्गात आहे असं धरून चाललेली होती. वेळापत्रकाप्रमाणे संगीत विभागाचा आठवडा आला आणि संगीताचा शिक्षकच नसला, तर भिंतीवरचा तक्ता काय करणार? १९९८ ला ब्रॉक्टनकडे नामुष्की होती, पण शनिवारी येऊन बसतील अशी कायम नोकरीतली, एकमेकांना वर्षानुवर्षं ओळखणारी माणसं होती. ती घडवायला किती वर्षं लागली होती याचा आकडा कुठल्याही गौरवलेखात आला नाही. एक हंगाम चांगला प्रशिक्षक आणून संघ उभा करता येतो. शिक्षकांचा संच तसा उभा राहत नाही.

पैशाचा धागाही इथे परत लागतो. २०१९ मध्ये राज्यानं शाळांसाठी सात वर्षांत १.५ अब्ज डॉलर वाढवून देणारा कायदा केला, आणि त्यामागच्या रेट्यात नवा खटला भरण्याच्या तयारीत असलेलं ब्रॉक्टनही होतं. वाढीव पैसा येत असतानाच तूट सापडली, हे गावाच्या जास्त जिव्हारी लागलं.

अशा वर्षातही खेळाडू जिंकत असतात, मुलं ऑडिशनला जाऊन निवडली जात असतात. त्यांची नावं छापायलाच हवीत, ती त्यांची कमाई आहे. पण माझ्या हातात ब्रॉक्टनसारख्या शाळेचा अहवाल असता तर नावांच्या आधी चार ओळी घातल्या असत्या: वर्षभरात किती तासिका शिक्षकाविना गेल्या, किती मुलं महिन्यातून दोन-तीनदाच उगवली, संघात, बँडमध्ये किंवा कुठल्याच उपक्रमात नसलेली मुलं किती, आणि आठवीपासून दहावीपर्यंत कोण किती सरकलं. हे चारही आकडे शाळेच्या कार्यालयात असतात किंवा तासाभरात काढता येतात. पालकांच्या हातात ते कधी जात नाहीत.

शेवटी मापाबद्दल एक, कारण ते पुन्हा बदललं आहे. दहावीची एमकॅस २०१९ पासून नव्या स्वरूपात आली, त्यामुळे त्याआधीचे टक्के आणि नंतरचे टक्के थेट जोडता येत नाहीत. आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी जनमतातून, सुमारे ५९ टक्के मतांनी, डिप्लोमासाठी एमकॅस पास होण्याची अट काढून टाकली. परीक्षा अजून होते, निकालही लागतो, पण मुलानं ठरलेले विषय नीट पूर्ण केले की नाही हे आता जिल्हाच प्रमाणित करतो. म्हणजे ज्या अटीच्या धाकानं २००१ चे आकडे उसळले, ती आता नाही. यापुढे ब्रॉक्टनच्या अहवालात 'इतकी मुलं उत्तीर्ण होऊन बाहेर पडली' असा आकडा येईल, तो जुन्या आकड्यांशेजारी मांडताना खाली एक तळटीप लागेल: माप आता शाळेच्या जिल्ह्याच्याच हातात आहे.